घराण्याचं नाव आणि लेकीची अक्षरं



जातीचा दाखला काढायचा असो की पडताळणीची फाईल भरायची असो, वंशावळ लिहून द्यावी लागते. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, वडील, काका, भाऊ असा तो कागद भरत जातो. तुमच्या घरचा कागद एकदा नीट पाहा. त्यात तुमची आजी कुठे आहे? पणजीचं नाव तरी कोणाला सांगता येतं का? घराणं वाढलं ते बायकांच्या पोटातून, पण कागदावर ते पुरुषांच्या नावानेच पुढे सरकतं.

आज आम्ही दोन घराण्यांची माहिती सांगणार आहोत. दोन्ही घरांत लेखणी होती आणि दोन्ही घरांचा सरकारदरबाराशी संबंध होता. एक घर दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या राज्यातलं. दुसरं आपल्या बुलढाण्याचं, दीडशे वर्षांपूर्वीचं. एवढ्या लांबची घरं शेजारी का ठेवायची? तर दोन्ही घरांपुढे एकच प्रश्न होता. घरात अक्षर आलं, ते घरातल्या बाईला किती द्यायचं? दोघांनी त्याचं उत्तर वेगवेगळं दिलं, आणि त्याचा परिणाम आजही दिसतो.

रोम कुठे आणि आपण कुठे?

रोम हे आजच्या इटली देशातलं शहर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या बादशहाचं राज्य युरोप, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि पश्चिम आशियापर्यंत पसरलं होतं. आपल्या भागाला हे नाव अगदीच परकं नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गाव, जिथले संत गोरा कुंभार, ते त्या काळी व्यापाराचं मोठं ठिकाण होतं. तिथून सुती कापड भडोचच्या बंदराला जाई आणि पुढे जहाजात चढून पश्चिमेकडे रवाना होई. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. म्हणजे आपल्याकडच्या बायांनी सूत कातलं आणि रोमच्या बायांनी त्याचं कापड नेसलं, असंही घडलं असेल.

रोममध्ये मुलींची नावं ठेवायची रीत मोठी विचित्र होती. मुलीला सहसा स्वतःचं वेगळं नावच नसे. बापाच्या कुळाचं जे नाव, त्यालाच बाईचं रूप द्यायचं. जुलियस कुळातली मुलगी जुलिया, कॉर्नेलियस कुळातली कॉर्नेलिया. दोन मुली झाल्या तर थोरली जुलिया आणि धाकटी जुलिया. आपल्याकडे लग्नात सासरी गेल्यावर नाव बदलतात, पुढे ‘गणेशची माय’ म्हणून हाक मारतात आणि बाईचं खरं नाव फक्त आधार कार्डावर उरतं. तिथे तर ते जन्मापासूनच नव्हतं.

अनायस घराणं

स्पेन देशात कोर्दोबा नावाचं शहर आहे. रोमपासून ते खूप लांब, एका कोपऱ्यातल्या प्रांतातलं. तिथे अनायस नावाचं एक सधन घराणं होतं. घरचे कर्ते होते सेनेका. त्यांच्या मुलाचंही नाव सेनेकाच, म्हणून बापाला आपण थोरले सेनेका म्हणू. त्यांची स्मरणशक्ती अचाट होती. तरुणपणी कोणी दोन हजार नावं वाचून दाखवली तर ती त्याच क्रमाने आपण परत म्हणत असू, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हातारपणी त्यांनी त्या आठवणीच्या जोरावर एक मोठं पुस्तक लिहिलं. आपल्या तरुणपणी कोणकोणते वक्ते कसकसे बोलायचे, याचं ते पुस्तक. ते त्यांनी लिहिलं आपल्या तीन मुलांसाठी, मुलांनी हट्ट धरला म्हणून.

थोरला मुलगा दुसऱ्या घरी दत्तक गेला आणि त्याचं नाव गॅलियो झालं. तो ग्रीस देशातल्या एका प्रांताचा सुभेदार झाला. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात त्याचा उल्लेख आहे. संत पॉल यांच्यावरची तक्रार त्याच्यासमोर आली तेव्हा, हा तुमच्या धर्मातला वाद आहे, माझ्या कचेरीचं हे काम नाही, असं म्हणून त्याने ती काढून टाकली.

मधला मुलगा सेनेका. हाच सगळ्यांत नावाजला. त्याने नाटकं लिहिली, पत्रं लिहिली, राग कसा आवरावा, वेळ कसा वापरावा, मरणाला कसं सामोरं जावं यावर निबंध लिहिले. ते आजही जगभर वाचले जातात. सन ४१ मध्ये बादशहाने त्याला कॉर्सिका नावाच्या बेटावर हद्दपार केलं. आठ वर्षं त्याने तिथे काढली. मग राजवाड्यातून बोलावणं आलं आणि एका पोराला शिकवायचं काम त्याच्याकडे दिलं. तो पोरगा म्हणजे नीरो. रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता, हे वाक्य तुम्ही भाषणांत ऐकलं असेल, तोच हा नीरो. फिडल तेव्हा निघालंच नव्हतं, पण नीरोची ख्याती तशीच होती.

नीरो बादशहा झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं सेनेका त्याचा सल्लागार होता आणि कारभार बरा चालला. पुढे सन ५९ मध्ये नीरोने आपल्या सख्ख्या आईचा खून करवला. त्या खुनाचं समर्थन करणारं पत्र राजसभेकडे गेलं, ते लिहून दिलं सेनेकानेच. शहाणपणावर एवढं लिहिणारा माणूस सत्तेच्या जवळ गेल्यावर काय करून बसला, हेही आपण ध्यानात ठेवावं.

तिसरा मुलगा मेला. तो दरबारात मोठ्या पदांच्या मागे लागला नाही. पण त्याचा मुलगा ल्यूकन मोठा कवी निघाला. रोममध्ये भावाभावांत जी यादवी झाली, तिच्यावर त्याने मोठं काव्य लिहिलं. सन ६५ मध्ये नीरोविरुद्ध कट उघडकीला आला. सेनेकाला जीव देण्याचा हुकूम झाला. ल्यूकनलाही. तेव्हा ल्यूकन होता फक्त २५ वर्षांचा. पुढे गॅलियो आणि मेला या दोघा भावांनाही जीव द्यावा लागला. असं ते घराणं वर चढलं आणि कोसळलं.

त्या घरातल्या बाया

आता या कहाणीत बाया कुठे आहेत ते पाहू.

तिघा भावांच्या आईचं नाव हेल्विया. हे सुद्धा तिचं स्वतःचं नाव नव्हे, हेल्वियस कुळातली म्हणून हेल्विया. तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई वारली, सावत्र आईच्या हाताखाली ती वाढली. मुलांची मालमत्ता तिने नीट सांभाळली, वर स्वतःकडचंही मुलांना दिलं. सेनेका बेटावर अडकला होता तेव्हा त्याने या आईला धीर देणारं एक लांब पत्र लिहिलं. ते पत्र टिकून राहिलं आहे. त्यात तो आईला सांगतो की दुःखावरचा खरा इलाज अभ्यास आहे, तू पुन्हा ग्रंथांकडे वळ. आणि तिथेच तो एक हळहळ बोलून दाखवतो. आईची बुद्धी तल्लख होती, थोडक्या वेळात तिने पुष्कळ आत्मसात केलं होतं, पण वडील जुन्या वळणाचे. त्यांनी तिला शास्त्र पुरतं शिकू दिलं नाही. काही बाया शिकून नटण्यामुरडण्यापलीकडे जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिचं शिक्षण वरवरचंच राहिलं.

नीट ऐका, बायांनो. ज्या माणसाने तीन मुलांसाठी म्हातारपणी जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याच माणसाने त्या मुलांच्या आईला पुस्तकापासून लांब ठेवलं. तो काही दुष्ट नव्हता. मुलगाही बापाबद्दल आदरानेच बोलतो. घर सुखाचं होतं, पैसा होता, पुस्तकं होती. नव्हती ती फक्त परवानगी.

त्याच पत्रात सेनेका आपल्या मावशीबद्दल लिहितो. लहानपणी तिनेच त्याला उचलून रोमला आणलं, लांबलेल्या आजारपणातून तिनेच त्याला उठवलं. पुढे त्याला पहिलं सरकारी पद मिळावं म्हणून तिने आपली ओळख वापरली. स्वभावाने ती इतकी भिडस्त की चारचौघांत बोलायलाही लाजे. पण भाच्यासाठी ती दारोदार बोलली. एवढ्या मोठ्या राजकारण्याच्या मागे अशी एक मावशी होती.

ल्यूकनच्या आईचं नाव असिलिया. कटाच्या चौकशीत ल्यूकन घाबरला आणि त्याने स्वतःच्या आईचंच नाव सांगून टाकलं, असं रोमचा इतिहासकार टॅसिटस लिहितो. असिलियाला शिक्षा झाली नाही, पण ती निर्दोष आहे असंही कोणी जाहीर केलं नाही. ल्यूकनची बायको पोला. नवरा गेल्यावर कितीतरी वर्षांनीही ती त्याचा जन्मदिवस पाळत होती. त्या दिवसासाठी त्या काळच्या कवींनी कविता लिहिल्या, त्या आजही आहेत. एका तरुण कवीची आठवण त्याच्या विधवेने जपली.

हेल्विया, मावशी, असिलिया, पोला. चौघी जणी. यांच्यातल्या एकीच्याही हातचं एक वाक्य आज उरलेलं नाही. त्या आपल्याला भेटतात त्या मुलाच्या, भाच्याच्या, कवीच्या आणि इतिहासकाराच्या लेखणीतून. हेल्वियाला त्या पत्राला काय उत्तर द्यावंसं वाटलं असेल? नवऱ्याने पुस्तक हातातून काढून घेतलं तेव्हा तिला काय वाटलं? ते तिच्याबरोबरच गेलं.

बुलढाण्याचे शिंदे

आता आपल्या गावाकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्याचं नाव घेतलं की पहिल्यांदा सिंदखेडराजा आणि राजमाता जिजाऊ आठवतात. लखुजी जाधवांच्या त्या घराण्याबद्दल आपण दर १२ जानेवारीला ऐकतो. पण याच जिल्ह्यातलं आणखी एक घर आहे. त्या घराचा वाडा नाही, किल्ला नाही. त्या घराने मागे ठेवलं ते एक छोटं पुस्तक.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. आज ज्याला आपण कलेक्टर म्हणतो, त्याला तेव्हा वऱ्हाडात डेप्युटी कमिशनर म्हणत. बुलढाण्याच्या त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. मराठा समाजातले, शिकलेले, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. १८७१ साली त्यांनी स्वतः एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचं नाव ‘हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’, म्हणजे शिकलेल्या देशी लोकांना दोन शब्द. असा हा लिहिणारा, सरकारी कामकाज जाणणारा माणूस.

बापूजींना चार मुलगे आणि एक मुलगी. मुलीचा जन्म साधारण १८५० चा. नाव ताराबाई. गावात मुलींची शाळा नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती, पण पुणे कुठे आणि बुलढाणा कुठे! तेव्हाच्या रीतीप्रमाणे बापूजींनी ‘शाळा नाही, तर काय करणार’ म्हणून हात झटकले असते तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी लेकीला घरीच बसवून शिकवलं. मराठी तर शिकवलीच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीही शिकवली. संस्कृत शिकवली म्हणजे काय केलं? ज्या पोथ्यांचा आधार दाखवून बाईला गप्प बसवलं जात होतं, त्या पोथ्या तिला स्वतः वाचता येतील असं केलं.

ताराबाईंचं लग्न लहान वयातच झालं. पण त्या सासरी गेल्या नाहीत, नवरा घरजावई म्हणून आला. घरजावयाला आपल्याकडे लोक काय म्हणतात ते सांगायला नको. पण आम्हाला वाटतं, त्या एका गोष्टीमुळे ताराबाईंची पुस्तकं, दौत आणि टाक त्यांच्याजवळ राहिले. आपल्यापैकी कितीजणींच्या वह्या माहेरच्या माळ्यावर राहिल्या, आठवून पाहा.

सुरतेची विधवा

१८८१ सालची गोष्ट. गुजरातेतल्या सुरत इथे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. त्या काळी वरच्या जातीतल्या विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण समाज ऐकत नव्हता. विजयालक्ष्मीला दिवस गेले. मूल जन्मलं आणि लोकलाजेपोटी तिने ते मारलं, असा तिच्यावर खटला झाला. कोर्टाने फाशीची शिक्षा दिली. पुढे फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बायका कशा बिघडल्या, नव्या शिक्षणाने कशा मोकाट सुटल्या, यावर रकाने भरून आले. ‘पुणे वैभव’ या पत्रातही तसं लिहून आलं. त्या मुलाचा बाप कोण, तो कुठे आहे, त्याला काय शिक्षा, हे मात्र कोणी विचारलं नाही. अशा पोटुशी विधवांना बाळंतपणासाठी आसरा मिळावा म्हणून फुले दांपत्याने १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे उपाय लोकांच्या डोळ्यांपुढे होता. तरी दोष बाईचाच.

हे बुलढाण्यात बसून ताराबाईंनी वाचलं आणि त्या लिहायला बसल्या. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं पुस्तक छापून निघालं. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ही आलं. पण ताराबाईंचा सूर अगदी वेगळा होता. त्या उपदेश करत नव्हत्या, त्या जाब विचारत होत्या.

पुस्तकात काय आहे, ते आमच्या शब्दांत सांगतो. पोथ्यांत, नाटकांत, कादंबऱ्यांत बाईला जे जे दोष लावले आहेत, ते ताराबाई एकेक करून घेतात. बाई कपटी, बाई मूर्ख, बाई साहसी म्हणजे वाईट कामाला धजणारी. मग त्या विचारतात, हेच दोष पुरुषात नाहीत का? लाच कोण खातं, दारू कोण पितं, जुगारात घर कोण घालवतं, एकीला सोडून दुसरी कोण करतं? सावित्रीने नवऱ्याचा जीव यमाकडून परत आणला म्हणतात. मग बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा ऐकलात का? नवरा मेला तर बाईचं पायगुण वाईट, तिचे केस काढा, तोंड दाखवू नका. बायको मेली तर नवऱ्याचं काय काढता? दहाव्याच्या दिवशीच दुसरी पाहायला निघता. देव तर दोघांनाही एकच, मग विधवेला एक न्याय आणि विधुराला दुसरा का?

त्यांनी सुधारकांनाही सोडलं नाही. सभा भरवता, भाषणं ठोकता, टाळ्या घेता, पण घरी येऊन एकाही विधवा बहिणीचं लग्न लावत नाही, असा त्यांचा रोख. आणि ही भाषा पंडितांची नाही. चुलीपुढे, पाणवठ्यावर बोलतात तशी तिखट, म्हणींनी भरलेली मराठी आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. केशवपन, पुनर्विवाहाची बंदी, हा त्रास त्यांनी लिहिला तो मुख्यतः वरच्या जातींतल्या बायांच्या संदर्भात. विजयालक्ष्मी ब्राह्मण, ताराबाई मराठा. गाव वेगळं, भाषा वेगळी, जात वेगळी. पण कोर्टात उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी पोरीची बाजू बुलढाण्याच्या एका बाईने घेतली. ती आपल्यातली नाही, आपल्याला काय करायचं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

९३ वर्षांची शांतता

पुस्तक निघाल्यावर त्यावर टीका झाली, टवाळी झाली. चळवळीतल्या काही पुरुषांनाही ते झोंबलं. महात्मा फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीसारखा केला आणि हे पुस्तक वाचा असं सहकाऱ्यांना सांगितलं. पण एकट्या फुल्यांनी किती करावं! ५०० प्रती हळूहळू नाहीशा झाल्या. ताराबाईंचं त्यानंतर दुसरं पुस्तक आलं नाही. साधारण १९१० च्या सुमाराला त्या गेल्या. बुलढाण्यातल्या लोकांनाही त्यांची आठवण राहिली नाही.

१९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापून आणलं. पहिल्या छपाईनंतर तब्बल ९३ वर्षांनी. ते वर्ष जगभर महिला वर्ष म्हणून पाळलं गेलं होतं. मग त्याची चर्चा झाली, विद्यापीठांत अभ्यास सुरू झाला. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन या इंग्रज अभ्यासक बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. आज भारतातल्या स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताना जगात कुठेही ताराबाई शिंदे हे नाव घ्यावंच लागतं, आणि त्याच्यामागे बुलढाण्याचं नाव येतं.

आता दोन्ही घरं शेजारी ठेवून पाहा. रोमच्या घरात बायांची नावं टिकली ती पुरुषांच्या लिहिण्यामुळे. बुलढाण्याच्या घरात नेमकं उलटं झालं. बापूजी शिंदे कोण, हे आज आपल्याला कशामुळे माहीत आहे? ताराबाईंमुळे. चार मुलगे होते, पण घराण्याचं नाव राखलं लेकीने. ‘मुलगा वंशाचा दिवा’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आणि फरक बुद्धीचा नव्हता. हेल्विया हुशार होती, असं तिचा मुलगाच सांगतो. घरात पैसाही रोमच्या त्या कुटुंबाकडेच जास्त. फरक पडला तो घरच्या कर्त्या माणसाच्या एका निर्णयाने. एकाने म्हटलं, ‘बाईला एवढं पुरे.’ दुसऱ्याने म्हटलं, ‘बस, लिही.’

मग आपण काय करायचं?

‘एवढं पुरे’ हे वाक्य आजही आपल्या घरात बोललं जातं. आता ते पहिलीला बोलत नाहीत, दहावीला आणि बारावीला बोलतात. गावातली शाळा संपली, पुढे तालुक्याला जायचं म्हटलं की विचार सुरू होतो. बस वेळेवर येत नाही, दिवस बरे नाहीत, स्थळ चांगलं आलं आहे. मानव विकासची निळी बस जिथे येते तिथे पोरी शाळेत जातात, जिथे बंद पडते तिथे काहीजणी घरी बसतात. हा निर्णय घेताना घरात कोणाचं ऐकलं जातं? बापाचं, आजोबाचं. पण आईही गप्प बसते, हे आपण मान्य करायला हवं. बापूजींसारखा बाप प्रत्येक पोरीला मिळेलच असं नाही. तिच्या बाजूने बोलायला एक मावशी, एक आत्या तरी मिळावी. सेनेकाच्या मावशीने भाच्यासाठी शब्द टाकला. आपण भाचीसाठी टाकू.

दुसरं काम लिहून ठेवायचं. ताराबाईंनी पुस्तक छापलं, तरी ते हरवलं. आपल्या सासवा, आज्या तर काही छापून गेल्या नाहीत. पण त्यांनी सांगितलेलं आपल्याजवळ आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी कोणी फोडली, घर कसं चालवलं, गटाची पहिली बैठक कोणाच्या ओसरीवर झाली, दारूबंदीसाठी कोण उभी राहिली, हे सगळं आज सांगणाऱ्या बाया आहेत. दहा वर्षांनी नसतील. गटाच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरीच असतात. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हातात पेन द्या आणि आजीला बोलतं करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, ज्यांना येतं त्यांनी उतरवावं. मोबाईलवर आवाज भरून ठेवला तरी चालेल.

तिसरं, नावाचं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असं लिहायचा नियम झाला आहे. रोममध्ये जे दोन हजार वर्षांपूर्वी नव्हतं, आपल्याकडे पाच-दहा वर्षांपूर्वी नव्हतं, ते आता कागदावर आलं. जन्माचा दाखला घेताना ते नीट लिहिलं आहे का, अक्षर चुकलं नाही ना, हे पाहून घ्या. लाजू नका.

आणि एक छोटं काम या आठवड्यातच करा. सरकारी वंशावळीत पुरुषांची नावं असतात. आपण आईकडची वंशावळ लिहू. वर आपलं नाव, खाली आईचं, तिच्या खाली आजीचं, मग पणजीचं. जिथे नाव आठवणार नाही तिथे जागा कोरी सोडा आणि माहेरच्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारा. नुसतं ‘अमक्याची माय’ असं लिहू नका. खरं नाव लिहा, माहेरचं गाव लिहा, आणि तिला कोणती कला, कोणतं काम चांगलं येत होतं तेही लिहा.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की पाच-दहा मिनिटं काढा आणि या चार प्रश्नांवर बोला.

१. तुमच्या घरात शिक्षण कोणी थांबवलं, कितवीला, आणि काय कारण सांगून?

२. ताराबाईंनी एका अनोळखी बाईची बाजू घेतली. आपल्या गावात सगळे एका बाईला नावं ठेवत होते तेव्हा आपण काय केलं?

३. गटातल्या कोणत्या म्हाताऱ्या बाईची आठवण आधी लिहून घ्यायला हवी?

४. आईकडची किती नावं तुम्हाला सांगता आली? तीन, चार, की दोनच?

ज्या गटात सर्वांत लांब वंशावळ निघेल त्यांनी आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ती नावं मोठ्याने वाचून दाखवू. एकेक नाव, गावासकट.